वाढणाऱ्यांचा उपास

पहिल्या संध्याकाळी तिने ताट नाकारले नाही, म्हणून आमच्यापैकी कुणाच्याच काही लक्षात आले नाही. भिंतीला टेकून, पट्टी बांधलेला पाय लांब करून बसलेल्या त्या म्हातारीपुढे मी दोन भाकरी ठेवल्या, वरण वाढले आणि पुढे सरकलो. शेवटी भांडी गोळा करताना पाहिले तर तिचे ताट शेजारच्या बाईपुढे होते, आणि ते चाटूनपुसून रिकामे झालेले होते. म्हातारी आमच्याकडे पाहत होती. तिच्या पाहण्यात राग नव्हता, विनवणी नव्हती. एखाद्या अनोळखी जनावराला लांबून पारखावे, तसे ती आम्हांला पारखत होती.

ही गोष्ट वसमतची, अगदी अलीकडची. बाजाराच्या मागे नगरपालिकेचा बेघर निवारा आहे. एक लांब खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, मागे पाण्याची टाकी आणि दाराशी वही घेऊन बसणारा काळजीवाहक. वीसेक माणसे तिथे रात्रीची झोपायला येतात आणि दिवसा हमालीला, भंगार वेचायला किंवा हॉटेलांत भांडी घासायला जातात. सकाळचा चहा निवाऱ्यात मिळतो. जेवणाचे ज्याचे त्याने पाहायचे. आमची मंडळी, म्हणजे गावातल्या लहानशा चर्चमधली तीसेक घरे, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिथे संध्याकाळचे जेवण वाढते.

त्या चाळीस दिवसांना आम्ही उपवासकाळ म्हणतो. त्या काळात संध्याकाळचे जेवण सोडायचे, सोडलेल्या जेवणाचे पीठ, डाळ आणि तेल घरोघरून गोळा करायचे, चर्चच्या आवारात चूल मांडून ते शिजवायचे आणि निवाऱ्यात नेऊन वाढायचे, अशी आमची रीत. तिथे वाढली जाणारी प्रत्येक भाकरी ही आमच्यापैकी कुणीतरी न खाल्लेली भाकरी असते. कल्पना आमच्या पाळकांची होती. तिला नियमांची चौकट घातली ती मी. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, मंडळीच्या पंचांपैकी एक आहे, आणि चौकटीवाचून मला चैन पडत नाही. मी दोन नियम सुचवले आणि ते मान्य झाले. वाढणाऱ्याने त्या अन्नातला कणही तोंडात घालायचा नाही, कारण जे देऊन टाकले ते परत घ्यायचे नसते. आणि आपण उपाशी आहोत हे निवाऱ्यात कुणालाही कळू द्यायचे नाही, कारण उपास मिरवायचा नसतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुणी जेवणाचे विचारलेच, तर "आमचं राहू द्या" एवढेच म्हणायचे. ते शब्दही मीच ठरवून दिले होते.

त्या आठवड्यात वाढायला आम्ही पाच-सहा जण असू; माझ्या जोडीला असे ती हळदीच्या गोदामात काम करणारी एक बाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. सगळी मंडळी तिला मावशी म्हणते. उपवासकाळ म्हणजे हळदीचा ऐन हंगाम. दिवसभर हळद निवडून, पोती शिवून ती थेट चर्चच्या आवारात येई, हात धुई, आणि चुलीपुढे बसून चाळीस-पन्नास भाकरी थापी. हात कितीही धुतले तरी तळवे पिवळेच राहत. त्या तळव्यांखाली फिरत फिरत मोठी होणारी भाकरी मी कितीदा तरी नुसता उभा राहून पाहिली आहे. सकाळी खाल्लेल्या शिळ्या तुकड्यावर तिचा दिवस गेलेला असे आणि पुढचा घास दुसऱ्या सकाळी मिळणार असे. तरीही तिच्या तोंडची थट्टा कधी थांबली नाही. मी ताटांमधून मुकाट्याने, मोजून दोन-दोन भाकरी ठेवत जाई, तेव्हा ती मागून म्हणे, "गुरुजी, तुमी जेवण वाढून राहिले का परीक्षेचे पेपर वाटून राहिले? जरा घे रे बाबा, खा गं बाई, असं तरी म्हणत जावा!"

मी हसत असे. म्हणत मात्र नसे.

दुसऱ्या संध्याकाळी काळजीवाहकाने म्हातारीची हकीकत सांगितली. ती मेंढपाळांतली. सेनगावच्या बाजूने कळप घेऊन खाली उतरताना तिच्या पायाला फाळाचे टोक लागले आणि जखम चिघळली. पोराने तिला सरकारी दवाखान्यात दाखल केले; पण शंभर मेंढ्या दवाखान्याच्या दारात किती दिवस बांधून ठेवणार? तो पुढे गेला. दवाखान्यातून सुटी झाल्यावर तिथल्याच लोकांनी तिला निवाऱ्यात आणून सोडले. कळप माघारी फिरेल तेव्हा पोरगा इथूनच तिला घेऊन जाणार, असा निरोप होता.

"सकाळी माझ्यासंगं चहा घेते, सर," काळजीवाहक म्हणाला. "दोन बिस्किटंबी खाते. पण दिवसभरात तेवढंच. कालचं ताट तिनं शेजारणीला दिलं."

त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे वाकलो तेव्हा तिने विचारले, "तुमचं झालं का जेवण?"

"आमचं राहू द्या," मी म्हणालो.

तिने ताटावर पदर झाकला. आम्ही निघायच्या वेळी ते ताट पुन्हा शेजारणीपुढे होते. तिसऱ्या संध्याकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच ताट.

आता जे लिहायचे आहे ते लिहिणे मला सोपे नाही. माझे आजोबा एका गावी सालदारीवर होते. तिथे तहान लागली की ओसरीखाली ओंजळ धरून उभे राहावे लागे, आणि वरून कुणीतरी पाणी ओतत असे, तांब्याचा स्पर्श होऊ न देता. आजोबांनी हे सांगितले तेव्हा ते हसत होते. मी मात्र ती ओंजळ आयुष्यभर माझ्याच हातांत बाळगत आलो. म्हातारी काळजीवाहकाच्या हातचा चहा घेते आणि आमच्या हातची भाकरी घेत नाही, एवढे समजताच मला बाकीचे सगळे समजले, असे मला वाटले. काळजीवाहक तिच्या देवाधर्माचा; आम्ही नव्हे. तिसऱ्या रात्री परतताना मी मावशीला म्हणालो, "तिला आपल्या हातचं चालत नाही. पोट रिकामं राहिलं तरी चालेल, पण आपला हात नको."

मावशी म्हणाली, "तिनं सांगितलं का तुमाला?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"मंग तुमाला कसं कळलं?"

मला कळले होते, आणि त्या कळण्यात, आज प्रामाणिकपणे सांगतो, एक प्रकारचे सुख होते. ज्याची वाट पाहत माणूस आयुष्य काढतो तो अपमान समोर येऊन उभा राहिला, की आपण इतकी वर्षे बरोबर होतो याचे समाधान मिळते.

चौथ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर एका खानावळीतून पोळी-भाजी बांधून घेतली. ते पाळकांना सांगितले नाही, मावशीलाही नाही. निवाऱ्यात सगळ्यांची ताटे वाढून झाल्यावर मी ते पुडके म्हातारीपुढे ठेवले आणि आजूबाजूच्या पाच-सहा जणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आजी, हे खानावळीतलं आहे. आमच्यापैकी कुणीही केलेलं नाही, कुणी शिवलेलंही नाही. हे तरी खा."

माझा आवाज मृदू होता. तो नेहमीच मृदू असतो. त्याच्या आड मी पुष्कळ काही लपवले आहे. म्हातारीने पुडक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तिला माझे बोलणे उमगले नसावे, पण बोलण्यातली सुरी तिला कळली. तिने पुडके हाताने हळूच बाजूला सारले आणि भिंतीकडे तोंड केले. पलीकडे बसलेला हमाल घास हातात धरून थांबला होता. मावशी मागे बादली घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. परतीच्या वाटेवर तिने एकही थट्टा केली नाही.

पाचव्या दिवशी म्हातारीला पट्टी बदलायला दवाखान्यात नेले होते. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा काळजीवाहक दारातच भेटला. "नर्सबाई म्हणाल्या, पोटात काही गेलं न्हाई तर जखम भरायची कशी? उद्या चक्कर येऊन पडली तर सरळ नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात धाडावं लागंल म्हणून राहिल्या. म्हातारी तवापासून रडतीय. पोरगं इथं येऊन बघंल आन मी नसंल तर त्यो कुठं हुडकील, म्हनते."

आत ती कालच्याच जागी होती. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. मी वरणाची बादली आणि डाव घेऊन रांगेच्या टोकाला गेलो, मुद्दामच तिच्यापासून दूर. मावशीने मात्र भाकरीची दुरडी मध्येच खाली ठेवली आणि जाऊन म्हातारीच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"काहून खात न्हाई गं माय? इख घातलंय का आमी त्याच्यात?"

"मला इख घालाया मी कोन मोठी लागून गेले?" म्हातारी म्हणाली. आवाज क्षीण होता, पण त्यातला तोरा शाबूत होता.

"मंग? आमच्या हातचं चालत न्हाई का तुला?"

मी डाव बादलीत तसाच धरून उभा राहिलो.

"हाताचं काय हाय त्याच्यात?" म्हातारी म्हणाली. "हात समद्यांचे हातच. पन तुमी खाता का? आज पाच दिस झाले बघून राहिले. इतकी मानसं येता, इतकं रांधून आनता, आन एकजनबी आमच्यात बसून घास खात न्हाई. रोज इचारते, तुमचं झालं का. तुमी म्हनता राहू द्या. काहून राहू द्या? आमी परमुलखात हिंडनारी मानसं. माझ्या सासूनं घालून दिलंय, परक्या शिवारात कुनी अन्न दिलं तर देनारानं संगं बसून आधी घास खायचा, मंग आपन. ज्याला संगं बसाया नको, त्याचं अन्न नको. त्यो दारातला चहावाला बसतो संगं, म्हून त्याचा चहा घेते."

मग ती जरा थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "मेंढराचा वास येतो आमच्या अंगाला, ठावं हाय मला. तुमाला किळस येत असंल. त्याचा राग न्हाई. पन मंग वाढू नका."

माझ्या आयुष्यात अनेकदा मी देवासमोर गुडघे टेकले आहेत, पुष्कळ वेळा ते सवयीने. त्या संध्याकाळी मी उभाच होतो, हातात वरणाची बादली होती, आणि तरी मला जे वाटले त्याला दुसरा शब्द मी शोधू शकलेलो नाही: मी भयचकित झालो. ज्या बाईने आम्हांला वर्ज्य मानले असे मी धरून चाललो होतो, ती पाच दिवस समजत होती की आम्हीच तिला वर्ज्य मानतो. आणि तिला तसे वाटावे याची सोय मी केली होती, नियम करून. आम्ही एक उपास पाळत होतो आणि तो झाकत होतो. ती दुसरा उपास पाळत होती. तोही मानासाठी, तोही आधीच्या पिढीने घालून दिलेला. फरक इतकाच की आमच्या उपासामागे घरी डबा भरलेला होता, आणि तिच्या उपासामागे काहीही नव्हते. पायात पू झालेली, पोर दूर गेलेली एक बाई परक्या गावात रोज जेवण समोर येत असताना नियमासाठी उपाशी बसली होती. नियम कशाला म्हणतात हे मी तीस वर्षे मुलांना आणि मंडळीला सांगत आलो. पाहिला मात्र तेव्हाच.

मावशीने एक भाकरी मोडली होती. तिचा अर्धा भाग म्हातारीच्या ताटात, अर्धा स्वतःच्या पिवळ्या तळव्यावर. तिने माझ्याकडे न पाहताच हाक मारली. "गुरुजी, बादली ठेवा आन या. बसा."

"मावशी," मी जवळ जाऊन अगदी हळू म्हणालो, "आपला उपास आहे."

"उपास देवाला ठाऊक हाय," ती तितक्याच हळू म्हणाली. "या माऊलीला कुठं ठाऊक हाय? आन तिला सांगितलं तर तुमचाच नियम मोडतो. सांगता का?"

मी सांगू शकत होतो. दोन वाक्यांत सगळा गैरसमज संपला असता: आजी, आम्ही उपाशी आहोत, हे अन्न म्हणजे आमचेच सोडलेले जेवण आहे. कदाचित तिला ते पटलेही असते. पण ते सांगितल्यावर मी पुन्हा देणाराच राहिलो असतो, पूर्वीपेक्षाही उंच, आणि ती आमच्या भुकेची ऋणी झाली असती. तीस वर्षांत मी हा उपास एकदाही मोडला नव्हता. तापात मोडला नव्हता, आई गेली त्या आठवड्यातही मोडला नव्हता. मला त्याचा गर्व आहे हे मला तोवर माहीत नव्हते. मांडी घालून बसताना गुडघे कुरकुरले तेव्हा ते माहीत झाले.

पलीकडच्या हमालाने थोडे सरकून जागा केली. कुणीतरी माझ्यापुढे ताट ठेवले. म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून बसली होती. मी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. गिळेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग तिने मावशीकडे पाहिले. मावशीही खात होती. मग म्हातारीने पदर बाजूला केला, दोन्ही हातांनी ताट जवळ ओढले आणि खायला सुरुवात केली.

ती घाईने खाईल असे मला वाटले होते. पाच दिवसांची भूक होती. पण ती सावकाश खात होती, प्रत्येक घास नीट चावत, वरण संपवण्याआधी भाकरी संपणार नाही असा मेळ घालत. तसे जेवताना मी आजवर कुणाला पाहिले नव्हते. किंवा वाढता वाढता कुणाकडे पाहिलेच नव्हते.

मला राहवले नाही. मी म्हणालो, "आजी, काल मी ते पुडकं आणलं. तेव्हा जे बोललो ते वाईट हेतूने बोललो. मला वाटलं होतं की तुम्ही आम्हांला..."

"गुरुजी," तिने मला मध्येच थांबवले, "आधी जेवा. कालवण निवून राहिलं."

हमाल हसला. मावशी म्हणाली, "ऐका की! शाळेत पोरं ऐकत न्हाईत, हितं तुमी ऐकत न्हाई."

"पोरं काहून ऐकतील?" म्हातारी तोंडातला घास गिळून म्हणाली. "ह्यांना जेवताना गप बसता येत न्हाई."

अख्खी खोली हसली. मीही हसलो. वरण खरोखर निवले होते. मीठही थोडे कमी होते. आम्ही इतके दिवस अळणी वरण वाढत होतो आणि आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हते.

म्हातारीचे ताट संपत आले तेव्हा ती इकडेतिकडे पाहू लागली. मी ओळखले, आणि दुरडीकडे जायला उठू लागलो. ती माझी सवयीची जागा होती. उभे राहिल्यावर मला पुन्हा मी कोण ते कळले असते. पण तिने माझे मनगट पकडले. बोटे काटकुळी होती, पकड मात्र मेंढराचा पाय धरणाऱ्या हाताची.

"पंगतीतून मधीच उठू न्हाई."

म्हणून मी बसून राहिलो. दुरडी खोलीच्या टोकाला होती. तिथल्या एका म्हाताऱ्याने भाकरी उचलली आणि शेजाऱ्याला दिली, त्याने पुढच्याला, आणि ती हातोहात आमच्यापर्यंत आली. हमालाने ती मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवली. उरलेली अर्धी त्याने माझ्या ताटात ठेवली आणि म्हणाला, "घ्या की गुरुजी, लाजू नका." पाच दिवस मी त्या माणसाला मुकाट्याने भाकरी वाढल्या होत्या. मी ती अर्धी भाकरी दोन्ही हातांनी जवळ घेतली.

पुढच्या रविवारी मी पंचांपुढे सगळे सांगितले, खानावळीच्या पुडक्यासह. वाढणाऱ्यांपैकी दोघांनी रोज निवाऱ्यात बसून जेवायचे असे ठरले. ते दोघे त्या दिवसाचा उपास दुपारी करतात. म्हातारी रोज जेवली. जखम भरत आली. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, झावळ्यांच्या रविवारानंतर, तिचा पोरगा घोडे घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. त्या वेळी मी शाळेत होतो, त्यामुळे तिची-माझी भेट झाली नाही.

पण त्या पाचव्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा पत्नी अंगणात बसली होती. तिचाही उपास होता. मला वाटले, सांगू नये. मग वाटले, आज पुरे झाले झाकणे.

"मी जेवून आलो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. कुठे जेवलात, उपास का मोडलात, असे काही विचारेल म्हणून मी उत्तरे जुळवत होतो.

"पोटभर जेवलात ना?" तिने विचारले.

"हो," मी म्हणालो. "पोटभर."